डबा धुऊ नकोस

लातूर,
रविवार, १३ जुलै २०२५

सौ. रत्नम्मास,

मायना काय लिहावा यातच पाव तास गेला. ‘चि. सौ. कां.’ लिहिलं तर लग्नपत्रिका वाटते. ‘प्रिय’ लिहिलं तर तू ते रेणुकाला वाचून दाखवशील आणि दोघी मायलेकी तोंडाला पदर लावून हसाल. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. पत्र लिहावं इतकी लांब तू कधी गेलीच नव्हतीस. तेव्हा मायना राहू दे. इकडे सर्व ठीक. तू, रेणुका, जावईबापू आणि बाळ खुशाल असाल अशी आशा करतो.

बाळ आता कुशीवर वळतं का? रेणुका फोटो पाठवते, पण प्रत्येक फोटोत बाळ आणि तुझे दोन हात एवढंच दिसतं. हातांच्या भेगा भरलेल्या दिसतात. बरं वाटलं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू “हं, बरं हाय” म्हणतेस आणि फोन रेणुकाच्या हातात देतेस. ती तो जावईबापूंना देते. मग मी आणि जावईबापू पुण्यातल्या रस्त्यांच्या कामांवर गंभीर चर्चा करतो. मला त्या रस्त्यांशी काय करायचंय? पण माणूस चांगला आहे, मुकाट्यानं बोलत राहतो.

सोबत डबा पाठवतोय. ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर ओळखीचा आहे. जावईबापूंना म्हणावं, पहाटे हडपसरला गाडी गाठा. डबा आपल्या जुन्या तीन खणांच्या डब्यांतला आहे, माळ्यावरून काढला. कडीला तुझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी अजून बांधलेली आहे. प्रत्येक पोराच्या डब्याला वेगळ्या चिंधीची खूण होती. आकडे घालू म्हटलं तर तू म्हणायचीस, “लेकरं हाईत, कैदी न्हाईत.” खालच्या खणात पोळ्या आहेत, मधल्यात भरलं वांगं आणि वरच्यात ठेचा. पोळ्या मशीनच्या, वांगं व्यंकटीच्या हातचं. ठेचा मात्र मी स्वतः केलाय. व्यंकटीला खलबत्त्याजवळ येऊ दिलं नाही. तो म्हणाला, “मालक, मी आचारी हाय का तुमी?” मी म्हणालो, आज मी.

धंदा जोरात आहे. क्लासच्या नव्या बॅचा भरल्या. आपले ट्रे आता औसा रोडपासून अंबाजोगाई रोडपर्यंत जातात. पोळ्यांचं मशीन एकदाही रुसलं नाही. सील मारायचं मशीनही व्यवस्थित आहे. ट्रेच्या चार खणांत पोळी-भाजी-भात आणि कोपऱ्यात चमचाभर ठेचा, वर प्लास्टिकचा कागद बसला की काम झालं. पोरं खातात, ट्रे फेकून देतात. धुणं नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं नाही. तू गेल्यापासून एकही डबा हरवलेला नाही, कारण डबाच नाही. पाटी पण नवी लागली. ‘रत्ना खानावळ’ काढून ‘आर. एम. फूड्स’. आता हॉस्टेलवाले आधी पाटी बघतात आणि मग चव. आर म्हणजे रत्नम्माच आहे, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं.

आणखी एक. व्यापारी मंडळाच्या चन्नबसप्पा अण्णांनी मला भाषणाला बोलावलं. ‘बदलत्या काळातला छोटा धंदा’ असा विषय. उदगीरच्या डाळ मिलमध्ये पोती मोजणारा माणूस मिल बंद पडल्यावर लातूरला येतो, पाच पोरांच्या डब्यांवर खानावळ काढतो आणि आज तीनशे पोरांना जेवू घालतो, हे सगळं सांगितलं. निळा शर्ट घातला होता. इस्त्री बाहेरून करून आणली. भाषण बरं झालं.

पाऊस बरा आहे. शेजारच्या सरजाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आपल्या डब्यावरची क्लासची पोरगी, तुझी अयोध्या, जरा आजारी होती, गावाकडे किनवटला गेली आहे. काळजीचं काही नाही. गल्लीत नवीन पिठाची गिरणी निघाली.

दुपारी तीन ते पाच इथं सामसूम असते. पोरं क्लासला, व्यंकटी झोपलेला. मी मागच्या अंगणात हौदाजवळ येऊन बसतो. आपले दोन पाट अजून इथंच आहेत. याच वेळेला रिकामे डबे परत यायचे आणि आपण झाकणं उघडत बसायचो. पोळीच्या कडा तोडून ठेवलेल्या दिसल्या की तू म्हणायचीस, याची दाढ दुखती. भात खाऊन भाजी ठेवली की परीक्षा जवळ आली. डबा चाटूनपुसून साफ असला की, “मार्क चांगले पडले वाटतं बाळाला.” आणि कधी कधी एखादा डबा तसाच भरलेला यायचा, नुसता ठेच्याचा खण तेवढा रिकामा. तू तो बाजूला ठेवायचीस. “याला घर आठवलालंय. घर आठवलं की जिभेला तिखट चालतं, पोटाला घास चालत न्हाई.” मग ओले हात पदराला पुसून थेट त्या पोराच्या हॉस्टेलवर. दारातूनच तुझं ते भालकीचं कानडी, “ऊट आतेन?” किनवट-धर्माबादची पोरं आधी दचकायची. मग त्यांना कळायचं, बाई ‘जेवलास का’ एवढंच विचारतेय.

बरं, गाडीची वेळ झाली. डबा सावकाश पाठवला तरी चालेल. (सवयीनं खाली शिक्का मारणार होतो. हात आवरला.)

कळावे,
मृत्युंजय


लातूर,
शुक्रवार, २५ जुलै २०२५

रत्नम्मा,

डबा मिळाला. घासून लख्ख, पुसून कोरडा आणि वरच्या खणात साखर. भांडं रिकामं परत करू नये हे खरं, पण हा रिवाज शेजारणीशी पाळतात. साखर मी बरणीत ओतली नाही. आहे तिथंच आहे.

मग परवा तुझा फोन आला. तू आपणहून केलेला, गेल्यापासून पहिलाच. मला वाटलं, ठेचा आवडला असेल. तू विचारलंस, “अयोध्याला काय झालंय?” मी म्हणालो, अशक्तपणा. तू म्हणालीस, “कशानं?” मी म्हणालो, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. दुपारची वेळ होती. त्या वेळेला आपल्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. लिहितो.

जूनच्या शेवटी अयोध्या क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, ही मुलगी कित्येक दिवस धड जेवलेली नाही. खोलीतल्या मैत्रिणींनी सांगितलं, तिचा ट्रे रोज यायचा. ती सील फोडायची, कोपऱ्यातला ठेचा बोटानं चाटायची आणि बाकीचं वॉचमनच्या कुत्र्यापुढे ठेवायची. ट्रे कचऱ्यात. आपल्याकडे काहीच परत येत नव्हतं, रत्नम्मा. पहिल्या वर्षी हीच पोरगी असंच करायची, तेव्हा चौथ्या दिवशी तुला डब्यावरून कळलं होतं आणि तू दही-धपाटे घेऊन तिच्या खोलीत जाऊन बसली होतीस. या वेळी कळायला तिला जमिनीवर पडावं लागलं.

आणि आपल्या अ‍ॅपवर तिनं रोज पाच तारे दिलेत. मी नंतर पाहिलं. तारे दिले नाहीत तर ते अ‍ॅप पुन्हा पुन्हा विचारत राहतं, म्हणून पोरं अंगठा टेकवून मोकळी होतात. अयोध्या आमच्या सगळ्यात समाधानी गिऱ्हाइकांत मोडते.

तिचे वडील, सुदाम, न्यायला आले होते. दवाखान्यातून आधी इकडेच आले. मला वाटलं, माणूस भांडणार. मी तयारीत होतो, ट्रे रोज पोचल्याचं सगळं फोनवर काढून ठेवलं होतं. त्यांनी चप्पल बाहेर काढली, आत येऊन उभे राहिले.

“डबा तर रोज येऊन राहिला होता म्हणं.”

“हाव,” मी म्हणालो.

“मंग तुमी काय करसान? पोरगीच खात नव्हती. आमी आपले निर्धास्त होतो. बाईंनी सांगितलं होतं ना पयल्या वर्षी, पोरीच्या ताटावर माझा डोळा हाय म्हणून.” मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, “बाई दिसून न्हाई राहिल्या?”

मी सांगितलं, पुण्याला आहे, नातू झाला.

“नातू झाला? आन पेढा न्हाई दिला मालक!” असं म्हणून तो माणूस मनापासून हसला. पोरगी दवाखान्यात आणि हा माझ्या नातवासाठी हसतोय. मला फोन खिशात घालायचंसुद्धा सुचेना.

जेवून जा म्हणालो. एक ट्रे दिला. ते भिंतीला टेकून जेवले, सगळं संपवलं, मग मागे नळावर गेले. ट्रे राखेनं घासला, धुतला आणि हौदाच्या कठड्यावर पालथा घालून ठेवला. तो एकदा वापरून फेकायचा असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी तो फेकला नाही. अजून तिथंच पालथा आहे.

त्यानंतर आठवड्याभरात मी ते भाषण केलं. ‘बरं झालं’ असं तुला लिहिलं, ते अर्धंच खरं. शेवटी एक पोरगी उठली. उदगीरला बेकरी चालवते म्हणे. तिनं विचारलं, “सर, गिऱ्हाइकाला आपला माल आवडला की नाही, हे तुम्ही कसं ओळखता?” मी म्हणालो, अ‍ॅपवर तारे येतात. टाळ्या पडल्या. त्या पोरीला खरं उत्तर देता येत होतं. मागच्या अंगणात दोन पाट होते, असं सांगता आलं असतं. पण मग ते का नाहीत, हेही सांगावं लागलं असतं.

आता दुसरी गोष्ट. ही मला फोनवर जन्मात जमली नसती.

जानेवारीत मशीन आलं तेव्हा मी तुझा सत्कार केला. मांडव घातला, चन्नबसप्पा अण्णांच्या हातून तुला शाल दिली, हार घातला, पेपरवाल्याला बोलावलं. माईक हातात घेऊन म्हणालो, “जिनं वीस वर्षं राबून ही खानावळ उभी केली, तिला आजपासून विश्रांती.” शपथेवर सांगतो, माझ्या मनात फक्त तुझे हात होते. थंडीत त्या भेगांतून रक्त यायचं, तू हळद भरायचीस आणि पुन्हा साबणाच्या पाण्यात हात घालायचीस. मला ते बघवत नव्हतं. वाटलं, आपण हिला काहीतरी मोठं देतोय.

आपल्याकडे मास्तर निवृत्त झाला की सत्कार. तलाठी बदलून गेला की सत्कार. शाल अंगावर पडली की त्या माणसाचं त्या जागेवरचं काम संपलं, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. तुला न विचारता, तुझ्याच दारात, सगळ्यांच्या टाळ्या घेऊन मी तुला घरी बसवलं. तू शाल सावरत हसत होतीस. फोटोत मी नीट पाहिलं, तू कुणाकडेच बघत नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे तू रोजच्यासारखी पदर खोचून आलीस. व्यंकटी म्हणाला, “बाई, तुमी कशाला? बसा की आता.” आणि मी खुर्ची पुढे केली. गाढवासारखा मी खुर्ची घेऊन उभा. तू बसलीस. आठवडाभर त्या खुर्चीत बसून मशीनमधून पडणाऱ्या पोळ्या बघत होतीस. मी येता-जाता विचारायचो, “आता बरं वाटतं ना?” तू मान हलवायचीस.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. रेणुकाला इकडे आणायचं सोडून तूच तिकडे गेलीस. शेजारचे विचारायचे, मी सांगायचो, पुण्यात दवाखाने चांगले. लातुरात काय दवाखान्यांना तोटा आहे? सव्वा महिन्याचं सांगून गेलीस, आता पाच महिने होत आले. मी एकदाही विचारलं नाही, कधी येणार म्हणून. ‘येणार न्हाई’ म्हणालीस तर पुढे काय बोलायचं, ते मला माहीत नव्हतं. अजून नाही.

शाल कपाटात सापडली. पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नाहीस.

मी कुठं जेवतो, असं तुझ्या मनात आलं असेल तर सांगतो. उभ्या उभ्या. एक ट्रे उचलतो, सील फोडतो. रोज तीनशे पोरं माझं अन्न खातात आणि पाच महिन्यांत मला कुणी विचारलेलं नाही, जेवलात का. व्यंकटीला वाटतं, मालक जेवलेच असतील. घर तर काही विचारत नाही. रात्री कुलूप काढताना मी मुद्दाम जरा आवाज करतो. सवय. आत कुणी असल्यासारखं.

एवढ्यावर गप्प बसलो नाही मी. नव्या पोरांना पहिले तीन महिने स्टीलचाच डबा द्यायचा, असं ठरवलं. माळ्यावरचे डबे खाली काढले. व्यंकटी म्हणाला, “मालक, पुन्हा मागं चाललाव का?” मी म्हणालो, हाव. दुपारी एकटाच पाटावर बसून झाकणं उघडतो. पण मला तुझ्यासारखं येत नाही. परवा एका पोराची भाजी तशीच परत आली. मी घाबरून दही घेऊन त्याच्या हॉस्टेलवर गेलो. ते पोरगं म्हणालं, “काका, मला दोडका आवडत नाही.” दही मात्र सगळं खाल्लं.

दुसरा डबा पाठवतोय. यात तेच आहे, पोळ्या, वांगं, ठेचा. एक मागणं आहे. धुऊ नकोस. साखर घालू नकोस. खायचं तेवढं खा, उरेल ते तसंच राहू दे, वर झाकण लाव आणि गाडीत दे. वास आला तर येऊ दे. तू फोनवर काही सांगत नाहीस. जे काय आहे ते मला डब्यातून तरी कळू दे. चांगलं असो, वाईट असो.

मृत्युंजय


लातूर,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

रत्ना,

डबा सकाळी आला. ड्रायव्हर तोंड वाकडं करून म्हणाला, “मामा, काय पाठवलंय मामीनं? वास यायलाय, डिकीत टाकला.” मी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. वास आला म्हणजे तू धुतला नव्हतास. त्या वासानं मला इतका आनंद झाला की ड्रायव्हरला चहा पाजला.

लगेच उघडला नाही. दुपार होऊ दिली. नव्या पोरांचे डबे आधी बघून घेतले. यंदाची पंचमी कशी झाली, तेही तुला सांगायचं होतं. पंचमीला तू तवा चढवू द्यायची नाहीस, विळीला हात लावू द्यायची नाहीस, पोरांना पुरणाचे दिंड उकडून घालायचीस. या वेळी मशीन चालू होतं. मशीनला पंचमी नसते. मी दिंड करायला घेतले, ते भांड्यातच सुटले. व्यंकटी म्हणाला, ही खीर झाली. पोरांनी खीर म्हणूनच खाल्ली. एका पोरीचा डबा आला तो धुतल्यासारखा साफ. तुला दाखवावासा वाटला. बाजूचा पाट रिकामा होता, तिकडे डबा धरून मी क्षणभर तसाच बसलो होतो. म्हातारा झालो बहुतेक.

तर आज, पोरांचे डबे बघून झाल्यावर, तुझा डबा घेतला. खालचा खण आधी उघडला. पोळ्या जशा घडी घालून पाठवल्या तशाच, एकीचाही तुकडा मोडलेला नाही. मधल्या खणात वांगं वाळून गेलेलं, चमचासुद्धा लागलेला नाही. मग वरचं झाकण काढलं.

ठेचा संपलेला होता. कडेनं बोट फिरवून पुसून घेतलेला.

रेणुका सांगते, आई मजेत आहे, नातवात रमलीय. तू सांगतेस, बरं हाय. मी पाच महिने दोघींवर विश्वास ठेवला, कारण तो ठेवायला सोपा होता. तू हे मुद्दाम तसं ठेवलंस की खरंच घास उतरला नाही, ते मी विचारणार नाही. दोन्हीचा अर्थ मला वाचता येतो. तूच शिकवलास.

मी खूप रडलो. हौदाजवळ कुणी नसतं, त्यामुळे बरं पडतं. मग उठलो आणि माझा सकाळचा ट्रे कचऱ्यातून काढून बघितला. आजवर कधी बघितला नव्हता. त्यात काय उरलं होतं आणि काय नव्हतं, ते लिहीत नाही.

उद्याच्या गाडीनं मी येतोय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, ड्रायव्हरकडे देणार नाही. तुझ्या हातात माझ्या हातानं देणार. तुला डबे घासायला न्यायला येतोय असं समजू नकोस. त्याला दोन बायका लावल्या आहेत, हातमोजे घालून घासतात. खानावळ कशी चालवायची ते तू सांग. मशीन ठेव नाहीतर विकून टाक. व्यंकटीला भाकरी शिकव, पाटीवर काय लिहायचं ते तूच ठरव. मी तुला खुर्ची दिली आणि काम काढून घेतलं. उलटं करायला हवं होतं. आणि नातवाजवळच राहावंसं वाटत असेल तर राहा. मी एक वेळ तुझ्याबरोबर जेवीन आणि परत येईन. रागावणार नाही. तसं व्हावं असं मात्र मला वाटत नाही, आणि हे मी तुला आता लपवणार नाही.

भाकरी मी स्वतः थापून आणतोय. वाकड्या होतील, हसू नकोस. सोबत येसराची आमटी आहे. वरच्या खणात या वेळी ठेचा नाही. तिथं हे पत्र आहे.

तू दार उघडशील तेव्हा माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघेल. पुण्यातल्या रस्त्यांबद्दल बोलायला लागेन. म्हणून जे विचारायचंय ते इथंच लिहून ठेवतो. वीस वर्षं तू दुसऱ्यांच्या लेकरांना दारोदार जाऊन विचारलंस. तुला कुणी विचारलं नाही. तुझ्या घरात राहणाऱ्या माणसानंही नाही.

रत्ना, ऊट आतेन?

तुझा,
मृत्युंजय